एबी म्हंजे गैरहजर

आष्टीच्या बसस्टँडसमोर कल्याणचं ऑनलाइन सेंटर होतं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अन् बाहेर फ्लेक्सची पाटी: सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील. आत तीन माणसं बसली का चौथ्यानं दारात उभं राहायचं. तरी जून-जुलैमधी तिथं जत्रा भरायची. ॲडमिशन, स्कॉलरशिप, परीक्षेचा फारम, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिथंच. पोरं त्याला सर म्हणायची. म्हातारी माणसंही सरच म्हणायची. कल्याणनं स्वतः बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेली, हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण त्याचं कुणाला काही वाटत न्हवतं. डॉक्टरला काय सर्दी होत न्हाई?

आता फारम म्हणलं का मोबाइल नंबर लागतो, अन् नंबर म्हणलं का ओटीपी. खरी गोम तिथंच होती. पोरगी फारम भरायला यायची अन् फोन असायचा बापाकडं. बाप रानात, रानात रेंज न्हाई. न्हाईतं फोन भावाकडं, भाऊ पुण्याला कंपनीत. ओटीपी यायचा अन् दहा मिनिटांत मरून जायचा. मागं ही रांग. मंग कल्याण सरळ स्वतःचा नंबर टाकायचा. टिंग वाजलं, सहा आकडे टाकले, फारम सबमिट. पोरगी खूश, रांग खूश.

"कॉलेजात जाऊन नंबर बदलून घे बरं का," असं तो पयले पयले सांगायचा. नंतर सांगणंही सुटलं.

असं करता करता चार-पाच वर्षांत आजूबाजूच्या वाड्यांमधल्या दीड-दोनशे पोरापोरींचा नंबर एकच झाला. कल्याणचा. विद्यापीठाचं काहीही निघालं का त्याच्या खिशात टिंग टिंग सुरू. कधी कॉलेजातल्या मॅडमचा फोन यायचा.

"तुमचा पाल्य पंधरा दिवसांपासून वर्गात आलेला नाही."

"मॅडम, मी सेंटरवाला बोलून राह्यलो."

"मग त्याला निरोप द्या."

"देतो ना मॅडम."

द्यायचाही कधी कधी. पोरगं समोरून जाताना दिसलं तं.

शेजारी बदरोद्दीनचं टेलरिंगचं दुकान. वयानं बारा-पंधरा वर्षांनी मोठा, जिभेनं तिखट. तो म्हणायचा, "कल्याण, तू बिना लग्नाचा दोनशे लेकरांचा बाप झाला रे. नावं तरी पाठ कर त्यांची."

कल्याण हसायचा. त्यात हसण्यासारखंच होतं तवा.

शिवकन्या ह्या दोनशेतलीच एक. आष्टीपासून पाच किलोमीटरवरच्या वाडीची, कडूबा गवंड्याची धाकटी. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, तालुक्याच्या कॉलेजात. वाडीतून कॉलेजला जाणारी ती एकटीच. कडूबा रोज सकाळी तिला मोटरसायकलीवर स्टँडवर सोडायचा, बस लागेपर्यंत थांबायचा, अन् मंग कामावर जायचा. ती सेंटरवर यायची ती प्रॅक्टिकलची पानं छापायला. पानांमधी पानं असायची, म्हंजे खरोखरची झाडाची पानं, दाबून वाळवलेली. एकदा कल्याणनं विचारलं का हे कशाचं, तं तिनं दहा मिनिटं सांगितलं. त्याला त्यातलं बोरीचं पान तेवढं लक्षात राहिलं.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी कडूबा स्वतः आल्ता. आष्टीतच त्याचं काम चालू होतं, हाताला सिमेंट तसंच. शिवकन्या त्याच्या मागं उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मागं बाकड्यापासून दारापर्यंत चार-पाच जण थांबलेले. लाईट जाऊन-येऊन करत होती. कल्याणला घाई होती.

त्यानं सीट नंबर टाकला. निकाल उघडला.

"काय हाय सर?" कडूबा म्हणाला.

"बाकी सगळे निघाले मामा. वनस्पतिशास्त्राच्या पेपरला एबी दाखवून राह्यलं."

"एबी म्हंजे?"

"एबी म्हंजे ॲबसेंट. गैरहजर."

इथं कल्याण थांबला असता तरी चाललं असतं. इंग्रजी शब्द होता, ॲबसेंट म्हणून सोडला असता, कडूबाला वाटलं असतं असंल काही मार्काचं. पण समोरच्याला समजेल असं बोलायची त्याला सवय. त्याच्यावरच त्याचं सेंटर चालायचं.

"मी गेल्ते," शिवकन्या म्हणाली.

कडूबानं तिच्याकडं पाहिलं न्हाई. कल्याणला विचारलं, "कोणत्या दिवशी होता हा पेपर?"

कल्याणनं वेळापत्रक काढलं. "अठ्ठावीस एप्रिल. शुक्रवार."

"शुक्रवारी मी तुला सातच्या बसला बसवलं," कडूबा म्हणाला. आता तो पोरीशीच बोलत होता, पण बघत होता कॉम्प्युटरकडं. "त्या दिवशी कामावर स्लॅब होता, म्हून ध्यानात हाय. तू सहाला आल्ती घरी."

"बस उशिरा आल्ती, आबा. मी गेल्ते पेपरला."

मागच्या बाकड्यावर कुणीतरी खोकललं. थांबलेली माणसं गप झाली. आपल्याकडं माणसं अशी गप झाली का समजायचं, कान उघडले म्हणून.

"सर, हे चुकलं असंल का?" कडूबानं हळूच विचारलं.

चुकतं. कल्याणला माहीत होतं का चुकतं. नावं चुकतात, मार्क चुकतात, एका पोराच्या निकालावर तं त्यानं स्वतः बाईचा फोटो पाहिलेला. पण मागं माणसं ताटकळलेली, एकाचा पीक विम्याचा फारम त्याच दिवशी बंद होणार. तो प्रिंटरमधी कागद घालता घालता म्हणाला,

"कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल मामा."

झालं. कडूबानं निकालाचा कागद घेतला, चार घड्या घातल्या अन् खिशात ठेवला. "चल," म्हणाला. शिवकन्या गेली.

त्यानंतर तेरा-चौदा दिवसांनी ती परत आल्ती. बाजारचा दिवस होता, आई भाजीच्या पालावर थांबलेली, ही तेवढ्यात पळत आलेली. दारातूनच म्हणाली, "सर, कॉलेजातून माझ्या नावाचा काही मेसेज आल्ता का?"

कल्याणच्या दोन्ही हातात आधार कार्डं. फोन टेबलावर पालथा.

"न्हाई."

"बघता का एकदा?"

"आला असता तं सांगितलं असतं ना."

ती गेली. त्या जूनपासून स्टँडवर ती दिसली न्हाई. कडूबानं कॉलेज बंद केलं असं कुणीतरी म्हणालं. कल्याणला वाटलं, वाईट झालं. मंग गिऱ्हाईक आलं.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीचं. परवा सप्टेंबरमधी काय झालं, तं तृप्ती नावाची एक पोरगी स्कॉलरशिपचा फारम भरायला आली अन् ओटीपी येईचना. चारदा पाठवला. फोननं हात वर केलेले, मेमरी फुल. कल्याण म्हणाला थांब, जुने मेसेज उडवतो. तो बोटानं सरकवत सरकवत खाली गेला. बँकेचे, कंपन्यांचे, विद्यापीठाचे, हजारानं मेसेज. कितीतरी उघडलेलेच न्हवते. त्यातला एक त्यानं उडवता उडवता वाचला, कारण सुरवातीलाच शिवकन्या लिहिलेलं होतं.

'शिवकन्या कडूबा. परीक्षा केंद्रावरील नोंदीतील चुकीमुळे वनस्पतिशास्त्र विषयात आपली अनुपस्थिती लागली आहे. हॉलतिकीट घेऊन अठरा तारखेपर्यंत महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात भेटावे.'

तारीख पाहिली. शिवकन्या बाजारच्या दिवशी विचारायला आल्ती, त्याच्या दोन दिवस आधी आलेला मेसेज. अठरा तारखेला तवा पाच दिवस बाकी होते.

"सर, झालं का?" तृप्ती म्हणाली.

"झालं," कल्याण म्हणाला. तिचा फारम भरला. त्यात काय भरलं ते त्याला सांगता आलं नसतं.

ती गेल्यावर तो बदरोद्दीनच्या दुकानात जाऊन बसला. फोन त्याच्यापुढं धरला. बदरोद्दीननं चष्मा लावून सगळं वाचलं, परत एकदा वाचलं, अन् मशीनचं पायडल थांबवलं.

"मी इथंच होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "मधी पत्र्याचीच तं भिंत हाय. पोरगी दोन दफा म्हणाली, मी गेल्ते म्हणून."

"मंग तू का बोलला न्हाई बदरूभाई?"

"मी काय बोलू? मला एबी-शीबी काय समजतं? मला वाटलं, शिकलेला माणूस बोलून राह्यला, बराबरच असंल."

कल्याणला ते लागलं. बदरोद्दीननं मुद्दाम लावलं न्हवतं, म्हणून जास्त लागलं.

"आता काय करू?"

"मला कामून विचारतो? फारम तू भरतो. जा ना जल्दी."

दुसऱ्या दिवशी त्यानं सेंटर बंद ठेवलं अन् तालुक्याला गेला. आठ वर्षांनी तो कॉलेजात पाय ठेवत होता. परीक्षा विभागात राजानंद नावाचे क्लार्क होते, पन्नाशीचे, टेबलावर गठ्ठ्यांच्या मधी बसलेले. कल्याणनं मेसेज दाखवला. त्यांनी आधी तारीख पाहिली अन् मंग कल्याणला पाहिलं.

"दोन वर्षं झाली की हो. सात पोरं होती ही. हजेरीचा तक्ता भरताना एक ओळ सरकली, जे आले ते गैरहजर लागले. सहा जण आठ दिवसांत येऊन गेले. ही एकटी राहिली. तुम्ही कोण, तिचे भाऊ का?"

"न्हाई. मी... आमचं सेंटर हाय आष्टीला."

राजानंदांनी एक रजिस्टर ओढलं, पानं उलटली. बोट एका ओळीवर ठेवलं. "हा नंबर तुमचा?"

"माझाच."

"अहो, ह्या नंबरची आमच्याकडं चाळीस पोरं हायेत. मी मॅडमला म्हणायचो, हा पालक फार जबाबदार, कधीपण लावा, फोन उचलतो." त्यांनी रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं. "हे बघा. मेसेज केला. शिवाय दोनदा फोन केलेला. शेरा वाचा."

शेरा होता: पालकांशी बोलणे झाले. निरोप देतो म्हणाले.

कल्याणला ते बोलणं आठवंना. बिलकुल आठवंना. असे फोन त्यानं किती उचलले असतील. निरोप देतो, हे तं तो झोपेतही म्हणला असता.

"अन् हे इकडं काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात एक शब्द होता. विवाह.

"ते गळतीचं कारण. जी पोरं सोडून जातात त्यांचं कारण वर पाठवावं लागतं. पोरगा असला तं रोजगार, पोरगी असली तं विवाह."

"तिचं लग्न न्हाई झालं."

"मंग कुठं गेली?"

कल्याणनं रजिस्टर त्यांच्याकडं परत फिरवलं. राजानंदांनी सुस्कारा सोडला अन् कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधलं.

"पेपर तपासलेला हाय तिचा. ऐंशीपैकी एकोणसत्तर. मार्क तसेच पडून हायेत, नावावर चढवायचे राहिले. अजून चढतील, पण अर्ज तिचा पायजे, हॉलतिकीट पायजे, अन् सही माझ्यासमोर. निरोपावर काम होणार न्हाई." मंग म्हणाले, "एकोणसत्तर म्हंजे त्या साली त्या पेपरला आमच्याकडं दुसऱ्या कुणाला न्हवते."

कडूबा आष्टीच्या नव्या कॉलनीत एका घराची भिंत उचलत होता. कल्याण परतीच्या बसमधून उतरून सरळ तिथं गेला. कडूबा बांबू बांधून केलेल्या पाळाडावर उभा होता, खालून त्याचा जोडीदार विटा देत होता.

"मामा, जरा खाली येता का?"

"बोल की. माल कालवलेला हाय, आळून जाईल."

मंग कल्याणनं मान वर करून, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोरगी पेपरला गेल्ती. चूक कॉलेजच्या तक्त्यात झाली. मेसेज माझ्या फोनवर आल्ता. फोनही आल्ता. मी सांगितलं न्हाई. ती विचारायला आली, मी न बघताच न्हाई म्हणलो.

कडूबाचा हात थांबला न्हाई. थापी मालात, माल विटेवर, वीट जाग्यावर, थापीच्या मुठीनं एक ठोका. खालचा जोडीदार एकदा कल्याणकडं बघायचा, एकदा वर. घमेलं रिकामं झालं तसा कडूबा खाली उतरला, टाकीत हात धुतले अन् विटांच्या ढिगावर बसला.

कल्याणला वाटलं, आता हा मारंल. मारलं असतं तं बरं झालं असतं.

"तू त्या दिवशी जे वाचलं ते तू एकदा वाचलं," कडूबा म्हणाला. "मी दोन वर्षं वाचून राह्यलो. कागद हाय अजून माझ्याजवळ."

"मामा, माझ्यामुळंच..."

"ऐक. मी तिला इचारलं न्हाई. एकदाबी न्हाई. का इचारलं न्हाई सांगू? इचारलं असतं अन् ती म्हणली असती का अमुक ठिकाणी गेल्ते, तं मंग मी काय केलं असतं? म्हून न्हाई इचारलं. तिची आई म्हणायची, इचारा तं खरं. मी म्हणलं, कॉम्प्युटरात आलंय." हाताच्या पंजाला भेगा पडलेल्या, त्या बघत बसला. "पोरगी त्या दिवशी मला एकच गोष्ट दोन बारी म्हणली. जलमात माझ्यासंगं खोटं बोलली न्हवती."

जोडीदार म्हणाला, "कडूबा, दुसरा माल कालवू का?"

"न्हाई. आज बस." मंग कल्याणला म्हणाला, "ती वाडीच्या खालच्या अंगाला शेडनेटवर असती. मिरचीच्या क्रॉसिंगला. तू जाऊन सांग."

"तुम्ही चला ना."

"तू सांग आधी. मी मागून येतो." पण तो ढिगावरून उठला न्हाई.

आपला जालना जिल्हाच बियाण्यांचा. त्यामुळं इकडं वाडी-वस्तीवर हिरव्या जाळ्यांची शेडनेट उभी राहिलेली, त्यात बायका-पोरी बियाण्याचं काम करतात. फूल उमलायच्या आधी कळी चिमट्यानं उघडायची, तिच्यातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या जातीच्या झाडाचं पोलन, म्हंजे पराग, लावायचं, अन् खूण म्हणून दोरा बांधायचा. हात हलका लागतो. शिवकन्या एका ओळीच्या मधी खाली बसलेली होती, तोंडाला रुमाल, हातात चिमटा. तिच्या बाजूला दोन बायका.

"कन्ये, तुझे सर आले बग," एक बाई म्हणाली. "आता हितं बी फारम भरून घेतेत का काय?"

शिवकन्यानं मान वर केली. रुमाल खाली ओढला न्हाई.

"या सर. पाय जपून, दोरे हायेत."

कल्याण ओळीत उकिडवा बसला. आत उकाडा असा का शर्ट अंगाला चिकटला. त्यानं येताना वाटेत दहा वाक्यं जुळवलेली. एकही निघालं न्हाई. फोन काढून तिच्यापुढं धरला.

तिनं वाचलं. चिमटा तसाच हातात.

"आबांना सांगितलं?"

"सांगितलं. आत्ताच."

"मंग मला कामून सांगून राह्यले?" ती म्हणाली. आवाज चढला न्हाई, उतरलाही न्हाई. "मी कुठं होते ते मला माहीतच होतं."

बाजूच्या बायका पुढच्या झाडाकडं सरकल्या. लांब न्हाई गेल्या.

कल्याण म्हणाला, "माझं चुकलं. माफ कर मला."

"सर लोक माफी मागत नसतात."

"मी कुठला सर. तुझ्याएवढाही शिकलो न्हाई."

ती एक कळी सोलायला लागली. बारीक, पांढरी, ज्वारीच्या दाण्याएवढी. सोलली, पोलन लावलं, दोरा बांधला. मंग बोलली.

"खरं सांगू का? कॉलेज सुटल्यावर पयल्या वर्षी एक असा टाइम आल्ता का मलाच कळंना, मी गेल्ते का न्हाई. काम करता करता पेपरातले प्रश्न आठवून पाहायची. पाच आठवायचे. सहावा काही केल्या आठवायचा न्हाई. मंग वाटायचं, गेलीच न्हाई मी. सगळे म्हणून राह्यले तं तसंच असंल. बस चुकली असंल. कुठंतरी बसून राह्यले असंल."

कल्याणनं फक्त मार्क सांगितले. एकोणसत्तर.

तिचा हात थांबला. तिनं रुमाल खाली घेतला.

"ऐंशीतून?"

"हा."

"बहात्तर-त्र्याहत्तर पायजे होते," ती म्हणाली. अन् मंग एकदम, जसं काही पेपर कालच झाला, "शेवटच्या प्रश्नात आकृती होती. मुळाचा छेद. आकृती बराबर काढली अन् नावं द्यायची राहिली. घंटा झाली ना. सहावा तोच होता. मुळाचा छेद."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तवा. मेसेज वाचून न्हाई, माफी ऐकून न्हाई. आकृतीला नावं राहिली म्हणून. बाजूची बाई उठली अन् तिनं शिवकन्याच्या पाठीवर हात ठेवला. मंग कल्याणला म्हणाली, "तुमी जावा आता सर. तिचं काम खोळंबतं."

सोमवारी अर्ज द्यायला तिघं तालुक्याला गेले. बसमधी शिवकन्या खिडकीला बसली, कडूबा तिच्या शेजारी, कल्याण मागच्या सीटवर. अख्ख्या रस्त्यात कडूबा एकदाच बोलला. म्हणाला, "खिडकी लावू का, धूळ येती." ती म्हणाली, "राहू द्या." तेवढंच. पण दोन वर्षांत त्यांचं घरात काय बोलणं होत असंल, ते कल्याणला त्या दोन वाक्यांतच समजलं.

हॉलतिकीट तिनं जपून ठेवलेलं, वहीच्या कव्हरमधी. त्याच्यावर त्या शुक्रवारच्या रकान्यात पर्यवेक्षकाची सही होती. निळ्या शाईची. कडूबानं ते हॉलतिकीट हातात घेतलं अन् सहीवर बोट ठेवलं.

"हे घरातच होतं?"

"होतं," ती म्हणाली.

"मला दाखवलं न्हाई."

"तुम्ही मागितलं न्हाई आबा."

राजानंदांनी अर्जाचा कागद पुढं सरकवला. कल्याणनं सवयीनं पेन काढलं. नाव, सीट नंबर, वर्ष, विषय, तो भराभर लिहीत गेला. खाली एक रकाना होता. विलंबाचे कारण. समोर दीड ओळ रिकामी.

कल्याणचं पेन थांबलं. फारम भरण्यात जिंदगी चाललेली, पण ह्या दीड ओळीत काय बसवायचं ते त्याला सुचंना.

"मेसेज माझ्या नंबरवर आला म्हून लिहितो," तो म्हणाला. "खरं तेच हाय."

राजानंद म्हणाले, "तसं लिहिलं तं विद्यापीठ विचारंल, नंबर दुसऱ्याचा कसा. फारम खोटा भरला का? तिचंच अडकंल."

"मंग लिवा, बापानं इचारलं न्हाई," कडूबा म्हणाला.

"असं लिहीत न्हाई हो कुणी," राजानंद म्हणाले. पण हसले न्हाईत.

शिवकन्यानं कल्याणच्या हातातून पेन घेतलं. कागद आपल्याकडं ओढला. अक्षर तिचं पहिल्यापासून चांगलं. तिनं दोनच शब्द लिहिले, घरगुती कारण, अन् खाली सही केली.

राजानंदांनी वाचलं, मान हलवली. "हे चालतं. याला वर कुणी शंका काढत न्हाई." अन् शिक्का मारला.

कडूबानं वाकून ते दोन शब्द वाचले. त्याला वाचायला जरा वेळ लागायचा. वाचून झाल्यावर तो बाहेर गेला अन् व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. गवंडी माणूस, पण त्याचं भिंतीकडं ध्यान न्हवतं. समोरून पोरी वर्गात चालल्या होत्या, त्यांना बघत होता.

"मार्क चढायला महिना-दीड महिना लागंल," राजानंद शिवकन्याला सांगत होते. "तिसऱ्या वर्षाची ॲडमिशन आता जूनमधी. पण मधी पॅटर्न बदलला. नव्या पॅटर्नचे चार पेपर जास्तीचे द्यावे लागतील तुला. तुझ्या बरोबरची पोरं आता एम.एस्सी.ला गेली."

"चार म्हंजे कोणते?"

त्यांनी सांगितले. तिनं चारही ऐकून घेतले. एकाचं नाव परत विचारलं.

"येशील ना?" ते म्हणाले. "का रजिस्टरातलं विवाह तसंच राहू देऊ?"

तिनं हॉलतिकीट परत वहीच्या कव्हरमधी घातलं. "मिरची फेब्रुवारीपर्यंत चालती," ती म्हणाली. "त्याच्यापुढं टमाट्याचं क्रॉसिंग घेतलंय आम्ही. बघू."

कल्याण तिच्या शेजारीच उभा होता. त्याला म्हणावं वाटलं, बघू नको, ये. तोंडापर्यंत आलं. पण ह्या पोरीच्या बाबतीत त्यानं आधी एकदा न विचारता बोलून ठेवलेलं होतं. तो गप राहिला. त्यानं बरोबर केलं का चूक, हे त्याला बसमधी बसल्यावरही ठरवता आलं न्हाई.